ग्यॉटिंगेनमधले विद्यार्थी-जीवन आणि मैत्री: ठरलेल्या वाराचे महत्त्व

निशिगंध (धागाकर्ती)

परदेशी शिक्षणाविषयी विचारले जाणारे बहुतेक प्रश्न प्रवेश, व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट (खर्चाची रक्कम आगाऊ भरून दरमहा ठरावीक पैसे मिळणारे खाते) आणि पुढे मिळणारी नोकरी यांच्याभोवती फिरतात, आणि पालकांचा पैसा व मुलांची उमेदीची वर्षे त्यात गुंतलेली असल्यामुळे ते स्वाभाविकही आहे. मात्र एकदा खोली मिळाली, नगरपालिकेत पत्त्याची नोंदणी झाली आणि तासिका सुरू झाल्या की रोज समोर उभा राहणारा प्रश्न माणसांचा असतो. जेवायला कोणाबरोबर बसायचे, ताप आला तर कोणाला कळवायचे आणि दुकाने बंद असलेला रविवार कोणाच्या सोबतीने काढायचा, याची उत्तरे कोणत्याही माहितीपत्रकात सापडत नाहीत. त्याच विषयावर सविस्तर लिहावे आणि इतरांचे अनुभवही ऐकावेत, म्हणून हा धागा काढत आहे.

मी जर्मनीतील ग्यॉटिंगेन येथे आधी पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि आता तेथेच जीवशास्त्रात पीएच.डी. करीत आहे. गावाची वस्ती सुमारे सव्वा लाख, आणि त्यात वीस हजारांहून अधिक विद्यार्थी. १७३७ साली सुरू झालेले हे विद्यापीठ गाउस आणि हिल्बर्ट यांच्यामुळे गणितात जगभर ओळखले जाते, पण तेथे राहणाऱ्याला गावाची ओळख होते ती सायकलींनी, जुन्या तटावरच्या झाडांखालच्या पायवाटेने आणि दर ऑक्टोबरला खोलीच्या शोधात हिंडणाऱ्या नव्या मुलांमुळे.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, या शहरात मैत्री ठरलेल्या वाराला आणि ठरलेल्या वेळेला धरून रुजते. आपल्याकडे मैत्री येता-जाता होते. कॉलेजच्या कट्ट्यावर, चहाच्या टपरीवर, "सहज आलो होतो" म्हणून दारात उभ्या राहिलेल्या माणसाबरोबर. तेथे सहज कोणी येत नाही आणि सहज गेलेल्या माणसाला पाहून घरचे लोक गोंधळतात. नवा विद्यार्थी यावरून दोन महिन्यांत निष्कर्ष काढतो की ही माणसे कोरडी आहेत. हा निष्कर्ष मला अन्यायाचा वाटतो. त्यांचा आठवडा आधीच आखलेला असतो, आणि त्या आखणीत तुमच्यासाठी एकदा जागा झाली की ती वर्षानुवर्षे टिकते. दर मंगळवारी रात्रीचे जेवण एकत्र करायचे असे ठरले, तर परीक्षा असो वा बर्फ पडो, मंगळवारी साडेसात वाजता ताट मांडलेले असते.

मी चार जणींच्या 'वेगे'मध्ये, म्हणजे भाड्याने घेतलेल्या सामायिक बिऱ्हाडात राहते. अशा घरात खोली मिळण्याआधी तेथे राहणारी मुले तुम्हाला भेटायला बोलावतात, स्वयंपाकघरात बसवून प्रश्न विचारतात आणि मग आपसांत ठरवतात. खोलीच्या जाहिरातीतही पुष्कळदा स्पष्ट लिहिलेले असते की केवळ भाडे वाटून घेणारा माणूस नको, एकत्र राहणारा हवा. हे वाचून घाबरणाऱ्यांनी खरे तर आनंद मानावा, कारण ज्या घराने आपण होऊन सोबत मागितली आहे तेथे सोबत मिळण्याची शक्यता अधिक. साफसफाईचा तक्ता फ्रिजवर लावलेला असतो. कोणत्या आठवड्यात न्हाणीघर कोणाकडे, काचेच्या बाटल्या कोण नेऊन टाकणार, कागद, ओला कचरा आणि प्लॅस्टिकच्या वेष्टनांची पिवळी पिशवी कोणत्या वारी बाहेर ठेवायची, हे सारे त्यावर असते. या तक्त्याला केवळ शिस्त समजू नये. आपली पाळी न चुकवणाऱ्या माणसावर तेथे विश्वास बसतो, आणि पुढची जवळीक त्या विश्वासातून येते.

स्वयंपाकघराविषयी थोडे अधिक लिहिते, कारण माझ्या मैत्रीची सुरुवात तेथेच झाली. विजेच्या काचेच्या शेगडीवर ज्योत नसल्यामुळे फुलका फुगवायला जाळी ठेवून हात बसवावा लागतो, आणि फोडणी करण्याआधी खिडकी सताड उघडून स्वयंपाकघराचे दार लावून घ्यावे लागते, नाही तर मिरचीचा ठसका बोळातल्या सगळ्या खोल्यांत पोहोचतो आणि धुराची घंटा वाजते ती वेगळीच. एका गुढीपाडव्याला मी श्रीखंड केले. तेथे मिळणारे क्वार्क आपल्या चक्क्याच्या बरेच जवळ जाते. त्यातले वेष्टनावर चाळीस टक्के स्निग्धांश लिहिलेले घ्यावे, रात्रभर पंचात बांधून टांगावे, म्हणजे उरलेसुरले पाणी निथळते आणि साखर घातल्यावर श्रीखंड सैल होत नाही. सकाळी नळावर लोंबणारे गाठोडे पाहून माझ्या घरातली सगळ्यात अबोल मुलगी थांबली, तिने ते काय आहे ते विचारले, आणि मग तिच्या आजीकडे फळांचा रस असाच कापडात बांधून गाळत असत हे सांगत अर्धा तास उभी राहिली. त्यानंतर दर मंगळवारी एक जर्मन आणि एक भारतीय पदार्थ करण्याचा आमचा नेम पडला, आणि तो आजही चालू आहे.

इतरांचे अनुभव वेगळे असतील. मतभेद असले तरी अवश्य लिहावेत.

रानवाट

लेख आवडला. माझा मुलगा येत्या ऑक्टोबरात ग्यॉटिंगेनलाच जाणार आहे. आम्ही नाशिकचे. मुलगा अबोल आहे, स्वतःहून ओळख काढणाऱ्यांपैकी नाही. तुम्ही ज्या मुलाखतीविषयी लिहिले आहे, तशा मुलाखतीत त्याचा निभाव कसा लागेल, अशी काळजी वाटते. शिवाय त्याला तेथील भारतीय मुलांच्या गटातच राहायला सांगावे की त्यापासून दूर राहायला सांगावे, याविषयी नातेवाइकांत दोन टोकाची मते ऐकू येतात.

करवंद

निशिगंध यांच्या मूळ मुद्द्याशी मी बराचसा सहमत आहे, परंतु एका गोष्टीकडे लक्ष वेधणे मला आवश्यक वाटते. ठरलेला वार पाळता येण्यासाठी तो वार मोकळा असावा लागतो. माझ्यासारखे अनेक विद्यार्थी शैक्षणिक कर्ज घेऊन गेलेले असतात. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो भरावे लागतात, म्हणजे महिन्याला हाती ९९२ युरो येतात, आणि त्यात खोलीचे भाडे, आरोग्यविमा व जेवण भागवून कर्जाचे व्याज फेडायचे तर काम करण्यावाचून इलाज नसतो. मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे, ती पूर्वीच्या १२० दिवसांपेक्षा बरी असली तरी हे दिवस बहुधा शनिवारी आणि संध्याकाळीच भरावे लागतात. गोदामातल्या पाळीचे वेळापत्रक आदल्या आठवड्यात हाती येते. अशा मुलाने दर मंगळवारी साडेसातला कोठे हजर राहावे?

म्हणून स्वतःच्या माणसांच्या गटाला कमी लेखू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मी पोहोचलो तेव्हा बँकेचे खाते सुरू होऊन ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे मोकळे होईपर्यंत माझ्याजवळ जेमतेम रोकड होती. सोलापूरच्या एका मुलाने, ज्याच्याशी माझी ओळख केवळ फोनवर झाली होती, मला त्याच्या खोलीत गादी टाकून दिली, पत्त्याच्या नोंदणीला बरोबर आला आणि पहिल्या महिन्याचे किराणा सामानही भरले. रात्रपाळीहून परतल्यावर भाषा बदलून बोलण्याचे त्राण नसते; तेव्हा कोणी भात लावून ठेवला आहे आणि तो मराठीत "जेवलास का" असे विचारतो आहे, याला मी प्राणवायूच म्हणेन. आमच्या खोल्यांच्या मजल्यावर एक तेलुगू मुलगा, एक लाहोरचा आणि एक कोलंबियाचा होता. लाहोरच्या मुलाच्या आईने पाठवलेला मसाला आम्ही सगळ्यांनी वर्षभर पुरवून वापरला. ही मैत्री कोणत्याही वाराला बांधलेली नव्हती. पाळी संपवून जो आधी येईल त्याने कणीक भिजवायची, एवढाच नियम होता.

निशिगंध (धागाकर्ती)

करवंद, तुमचे म्हणणे मला मनापासून पटते, आणि माझ्या लेखात ही बाजू आली नव्हती हेही खरे. मला शिष्यवृत्ती होती, त्यामुळे संध्याकाळ माझी होती. ज्याची संध्याकाळ विकली गेली आहे त्याच्यासाठी आधी जवळची, आपल्या भाषेची माणसे हवीत. अडीनडीला धावून येणाऱ्या माणसाच्या भाषेची किंवा देशाची चौकशी करीत बसणे मला अयोग्य वाटते.

मला खटकते ती निराळी गोष्ट. काही मुले दोन वर्षे राहून जातात आणि त्यांच्या फोनमध्ये एकही असा क्रमांक नसतो, जो त्यांच्या गटाबाहेरचा आहे. गट मोडला, म्हणजे तिघांना म्युनिकला आणि दोघांना श्टुटगार्टला नोकरी लागली, की मागे राहिलेला एकटा पडतो. मी हे जवळून पाहिले आहे. डिसेंबरात तेथे सूर्य सव्वाचारच्या सुमारास मावळतो. प्रयोगशाळेतून बाहेर पडावे तर काळोख, आणि भारतात साडेचार तास पुढे म्हणजे आई-वडील झोपायच्या तयारीत. अशा वेळी ज्याला आठवड्यातला एक तरी ठरलेला वार आहे, तो त्या वारापर्यंत तग धरतो. ज्याला तो नाही, त्याने विद्यापीठाच्या विद्यार्थी-समुपदेशन केंद्रात जायला संकोच करू नये. तेथे जाणे हे कमीपणाचे मानले जात नाही, आणि माझ्या ओळखीच्या काहीजणांना त्याचा चांगला उपयोग झाला आहे.

रानवाट, तुमचा मुलगा अबोल आहे याची फारशी चिंता करू नका. ठरलेल्या वाराचा सर्वांत मोठा लाभ अबोल माणसालाच होतो, कारण तेथे बोलून छाप पाडावी लागत नाही. विद्यापीठाच्या क्रीडाविभागात दर सत्रात असंख्य वर्ग चालतात. बॅडमिंटन, गिर्यारोहण, नृत्य, नौकानयन, जे हवे ते घ्यावे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत कोणी फारसे बोलत नाही. चौथ्या आठवड्यात तुमची जोडी कोणाशी लागते ते ठरते. सत्र संपेपर्यंत वर्गानंतर एकत्र पाणी प्यायला थांबणे सुरू होते, आणि पुढच्या सत्रात तोच माणूस विचारतो, पुन्हा नाव घालतोस ना. गायकवृंदात किंवा हार्त्स डोंगरातल्या पायी सहलींतही हाच क्रम दिसतो. एकत्र चालताना शेजारी असलेल्या माणसाकडे सतत पाहावे लागत नाही, त्यामुळे अबोल माणसे चालताना मोकळी होतात, असे माझे निरीक्षण आहे.

उंबरठा

हा धागा वाचताना फार जुन्या गोष्टी वर आल्या. मी १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याहून संस्कृतच्या संशोधनासाठी ग्यॉटिंगेनला गेलो होतो. त्या काळी घरी फोन करणे परवडत नसे. हवाई पत्र जायला आणि उत्तर यायला मिळून जवळजवळ महिना मोडत असे. मराठी बोलणारे त्या गावात शोधूनही सापडत नव्हते. त्यामुळे करवंद म्हणतात तसा आधार आम्हाला नव्हता, आणि जे काही जमवायचे ते तेथल्याच माणसांत जमवावे लागले.

संस्कृतच्या अभ्यासकाला हे गाव अगदीच परके नव्हते, हेही सांगितले पाहिजे. फ्रान्त्स कीलहॉर्न हे १८६६ ते १८८१ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते, आणि तेथून परतल्यावर १९०८ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ग्यॉटिंगेनलाच अध्यापन केले. पतंजलीच्या महाभाष्याची त्यांची आवृत्ती आमच्या पिढीपर्यंत रोजच्या वापरात होती. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना १८८५ साली याच विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली. कीलहॉर्न पुण्यात असताना शास्त्र्यांजवळ बसून व्याकरण शिकत. परक्या शहरात ठरलेल्या वेळी एखाद्यासमोर पोथी उघडून बसणे हा परिचयाचा किती जुना आणि खात्रीचा मार्ग आहे, याची मला त्या गावात पुन्हा प्रचीती आली.

माझ्याबरोबर संशोधन करणारा एक जर्मन विद्यार्थी होता. दर गुरुवारी दुपारी दोन वाजता आम्ही दोघे वाचायला बसत असू. एक श्लोक त्याने लावायचा, एक मी. पहिले संपूर्ण सत्र आम्ही पाठाबाहेर एक शब्द बोललो नाही. पुढे कधीतरी पाठ संपल्यावर तो मला त्याच्या आईवडिलांच्या घरी घेऊन गेला. नोव्हेंबर १९८९ मध्ये सीमा उघडली. पूर्व जर्मनीची सीमा गावापासून अगदी जवळ असल्यामुळे त्या आठवडाअखेरीस ग्यॉटिंगेनचे रस्ते पूर्व जर्मन बनावटीच्या त्राबांट गाड्यांनी भरून गेले, आणि पलीकडून आलेली कुटुंबे पश्चिम जर्मनीकडून मिळणारी शंभर मार्कांची स्वागतरक्कम घेण्यासाठी रांगा लावून उभी होती. माझ्या मित्राची आत्या पलीकडे राहत असे. ती आली तेव्हा त्याच्या आईने मलाही निरोप पाठवला. त्या स्वयंपाकघरात मी एकटाच परका होतो आणि कोणालाही ते जाणवत नव्हते. आत्याबाईंनी मला केकचा दुसरा तुकडा वाढला आणि तुझी आई कोठे असते, असे विचारले.

आम्ही दोघे आता निवृत्त आहोत. गुरुवारचे वाचन अजून चालते, फक्त आता ते संगणकाच्या पडद्यावर होते आणि हिवाळ्यात आमच्याकडे साडेसहा वाजलेले असतात.

पाणंद

उंबरठा यांचे लिखाण वाचून फार बरे वाटले. मी सध्या ग्यॉटिंगेनमध्येच पदव्युत्तर शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षात आहे. मला या चर्चेत एक अडचण मांडायची आहे. माझ्या वसतिगृहातले निम्मे विद्यार्थी युरोपातल्या इतर देशांतून एका सत्रासाठी आलेले असतात. ऑक्टोबरात ओळख होते, डिसेंबरात नाताळच्या बाजारात एकत्र हिंडणे होते, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये ते खोली रिकामी करून निघून जातात. एप्रिलमध्ये नवी माणसे येतात. दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करण्याचा मला थकवा आला आहे, आणि आता नव्या शेजाऱ्यांशी बोलायलाच मन घेत नाही. यावर तुम्ही काय केले?

निशिगंध (धागाकर्ती)

पाणंद, हा थकवा खरा आहे आणि विद्यार्थ्यांच्या गावात राहणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी येतो. एका सत्रापुरत्या आलेल्या मुलांबरोबरची मैत्री वेगाने होते, कारण सगळेच मोकळे असतात आणि सगळ्यांनाच घाई असते. ती जरूर करावी, पण आठवड्याचा सगळा भार तिच्यावर टाकू नये. गावात जी माणसे टिकून राहतात त्यांच्यात एक पाय रोवावा. प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, ग्रंथालयातले कर्मचारी, गायकवृंदातल्या साठीच्या बाई, वाद्य दुरुस्त करणारे गृहस्थ. ही माणसे दहा वर्षांनीही तेथेच असतील. विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांतच मित्र शोधावेत असा काही दंडक नाही.

त्यांच्या रीती मात्र जाणून घ्याव्यात. वाढदिवसाला केक वाढदिवस असलेल्यानेच आणायचा असतो, आणि आदल्या दिवशी शुभेच्छा देणे तेथे अशुभ मानतात. कोणी घरी बोलावले तर सांगितलेल्या वेळेला पोहोचावे, आणि जाणे जमणार नसेल तर आधी कळवावे. रात्री दहानंतर आवाज करू नये. या गोष्टी पाळणाऱ्या माणसाची दखल घेतली जाते, फक्त ती बोलून दाखवत नाहीत.

ती दखल किती बारकाईने घेतली जाते, हे मला मागच्या वर्षी पाहायला मिळाले. ग्यॉटिंगेनची प्रथा अशी आहे की पीएच.डी.ची तोंडी परीक्षा उत्तीर्ण झालेल्या उमेदवाराला त्याचे सहकारी सजवलेल्या हातगाडीत बसवून जुन्या नगरभवनासमोरच्या चौकात आणतात, तेथे १९०१ सालापासून असलेल्या कारंज्यावर तो चढतो आणि हंस घेऊन उभ्या असलेल्या मुलीच्या पुतळ्याचे चुंबन घेऊन तिला फुले वाहतो. डोक्यावरची टोपी सहकाऱ्यांनी स्वतः बनवलेली असते आणि तिच्यावर त्या माणसाच्या आयुष्यातल्या वस्तू चिकटवलेल्या असतात. आमच्या गटातल्या एका पुणेकर सहकाऱ्याची टोपी आम्ही बनवत होतो. ज्या तंत्रज्ञांनी चार वर्षांत त्याच्याशी कामापलीकडे क्वचितच काही बोलणे केले असेल, त्यांनी घरून पुठ्ठ्याचा एक चिमुकला प्रेशर कुकर करून आणला होता, त्याला तारेची शिट्टीसुद्धा होती. तो दुपारच्या जेवणाच्या वेळी फोनवर आईला कुकरच्या शिट्ट्यांविषयी विचारत असे, हे त्यांच्या ध्यानात राहिले होते. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने त्याची मोडकी सायकल बनवली होती, मागच्या चाकावरच्या ठिगळासकट.

रानवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उंबरठा यांचा प्रतिसाद मी घरात सगळ्यांना वाचून दाखवला. आता दोन व्यावहारिक प्रश्न आहेत. खोलीसाठी अर्ज केव्हा करावा, आणि सामानात स्वयंपाकाचे काय द्यावे?

निशिगंध (धागाकर्ती)

रानवाट, खोलीसाठी अर्ज प्रवेशपत्र हाती येताच करावा. विद्यार्थी-कल्याण संस्थेच्या वसतिगृहांना मोठी प्रतीक्षायादी असते आणि ऑक्टोबरात ती सर्वांत लांब असते. त्याबरोबरच 'वेगे'च्या जाहिरातींना उत्तरे पाठवत राहावे. पत्रात आपण कोण, काय शिकणार, काय शिजवता येते आणि घरातली कोणती कामे आनंदाने करतो, हे साध्या शब्दांत लिहावे. अबोल मुलाला लिहून सांगणे मुलाखतीपेक्षा सोपे जाईल. पत्त्याची नोंदणी राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करावी लागते. घरटी दरमहा १८.३६ युरो असलेला रेडिओ-टीव्हीचा प्रसारण-आकार घरातल्या एकानेच भरायचा आणि बाकीच्यांनी वाटून घ्यायचा असतो, म्हणून पहिल्याच आठवड्यात घरातल्यांना त्याविषयी विचारून घ्यावे.

सामानात डाळी-तांदळाचे ओझे नको, ते तेथे मिळते. कोथिंबीर, मिरच्या, भेंडी तुर्की दुकानांत आणि पोहे आशियाई दुकानांत मिळतात. गोडा मसाला, मेतकूट, लहान कुकर आणि त्याची जादा रिंग मात्र द्यावी, आणि कुकरचे बूड सपाट आहे याची खात्री करावी, कारण काचेच्या शेगडीवर गोल बुडाचे भांडे नीट तापत नाही. त्याला वरण-भात आणि एखादी भाजी आत्ताच शिकवून ठेवा. तो पोहोचला की मला निरोप पाठवावा. मंगळवारी आमच्याकडे एक ताट अधिक मांडता येईल.